दुखण्याची गोळी आणि तिची सोबत

आम्ही डॉक्टर नव्हे. जे शिकलो ते युनियनचे काम आटोपल्यावर, रात्री पुस्तके चाळून. पण कचेरीत गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याच्या खिशातून अर्जाबरोबर गोळ्यांची पाकिटेही निघतात. असाच एक जुना सहकारी आला. हृदयविकाराचा झटका येऊन गेला म्हणून रोज ॲस्पिरिनची लहान गोळी. गुडघा ठणकतो म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन. सकाळी दोन्ही एकाच घोटात! म्हणाला, "दादा, दुखतं म्हणून खाडा केला तर रोज बुडतो."

त्याचे खरे होते. पण गोळ्यांचा हिशेब निराळा आहे. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. ते एकमेकांना चिकटतात म्हणून जखम बंद होते; हृदयाच्या अरुंद रक्तवाहिनीत मात्र तेच चिकटणे जिवावर बेतते. ॲस्पिरिन या कणांतल्या एका विकराला कायमचे कुलूप घालते. कण आठ-दहा दिवस जगतो, तोवर ते निघत नाही. आयबुप्रोफेनही त्याच जागी बसते, पण काही तासच. कायम कामगाराच्या साच्यावर बदलीवाला आधी येऊन बसावा, कायम कामगार दारावरून परत जावा, आणि दुपारी बदलीवालाही उठून जावा, तशातला प्रकार! साचा मोकळाच राहतो.

म्हणूनच २००६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितले की, आवरण नसलेली ॲस्पिरिन घेतल्यावर निदान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन घ्यावी, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तासांहून अधिक आधी. कधीकाळी एखादी घेतल्याने फारसे बिघडत नाही. धोका रोजच्या सवयीत आहे.

दुसरी गोष्ट पोटाची. दोन्ही गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. जोडीने घेतल्या तर रक्तस्रावाची भीती वाढते. काळे, डांबरासारखे शौच झाले तर वाट पाहू नये. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल तर ही भीती आणखी मोठी.

तिसरी मूत्रपिंडाची. रक्तदाबावरची एनालाप्रिल किंवा रामिप्रिल, लघवी वाढवणारी गोळी आणि वर आयबुप्रोफेन, असे तिघे एकत्र आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटू शकतो. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याने तर हे विसरूच नये.

मग करावे काय? ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये. सगळी पाकिटे रुमालात बांधून डॉक्टरांपुढे ठेवावीत, दुकानातून आणलेलीही. आमच्या सहकाऱ्याने तेच केले. गोळी स्वस्त असली तरी तिची सोबत महाग पडते, एवढे ध्यानात असू द्यावे.