हळद यकृत वाचवते का? मामांचा प्रश्न आणि आपला प्रयोग

मागच्या दिवाळीत वसमतच्या मामांनी विचारलं, "तू हळदीवरच शिकतोस ना? मग लिव्हरसाठी हळदीच्या गोळ्या सुरू करू का?" घरात हळदीची पोती रचलेली, आणि मामा गोळ्या विकत आणणार! मी म्हणालो, थांबा जरा. का ते इथं लिहितो, कारण पीएच.डी.साठी विषय शोधणारे बरेच जण 'अमुक वनस्पतीचा अर्क आणि अवयवांचं दाहापासून रक्षण' याच वाटेने येतात.

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीतलं कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्के. पेशीतलं एनएफ-कॅप्पा-बी हे प्रथिन दाहाची जनुकं चालू करतं. कर्क्युमिन त्याला दाबतं, हे 1995 पासून प्रयोगांत दिसत आलंय. नेहमीचा प्रयोग असा: उंदरांना काही दिवस अर्क पाजायचा, मग लिपोपॉलिसॅकराइड (जिवाणूंच्या आवरणातला घटक) टोचायचं, आणि रक्तातले एएलटी, एएसटी मोजायचे. अर्काच्या गटात ते कमी वाढले, की झालं यकृताचं रक्षण!

पण अर्क इजेच्या आधी दिलाय ना? पेशंट तर इजा झाल्यावर येतो. म्हणून पेपर हातात आला की आधी पद्धतीच्या भागात वेळ बघा. इजेनंतर अर्क दिलेला गट नसेल, तर 'उपचार' हा शब्द वापरू नका.

दुसरी गोष्ट मी ठेच लागून शिकलो. ग्लुटाथायोन मोजताना तयार होणारा पिवळा रंग 412 नॅनोमीटरला वाचतात. कर्क्युमिन स्वतःच पिवळं, तेही तिथेच प्रकाश शोषतं. माझं ग्लुटाथायोन छान वाढलेलं दिसत होतं. पेशी न घालता नुसता अर्क ठेवून पाहिला, तरी वाढलेलंच! दोन महिने गेले.

आता गोळ्यांचं. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जात नाही. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातला घटक, माणसांना दिला. रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन सुमारे 20 पट झालं. म्हणूनच बऱ्याच गोळ्यांत मिरी असते. आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका अहवालात हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले 10 रुग्ण नोंदले गेले. एक दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*35:01 हा एकच जनुकप्रकार होता. हा धोका आपल्या उंदरांत कधीच दिसणार नाही, कारण तो जनुक माणसाचा आहे.

मामांना मी इतकंच सांगितलं: भाजीतली हळद राहू द्या, गोळ्या नकोत, आणि एकदा रक्त तपासून घ्या. मामा म्हणाले, "मग तुझ्या पीएच.डी.चा उपयोग काय?"