स्कॅनर मुका झाला? आधी खरखर ऐका

१० ऑगस्ट २०२० च्या दुपारी आयोवातल्या सीडर रॅपिड्सवरून डेरेचो गेलं. डेरेचो म्हणजे शेकडो किलोमीटर पुढे सरकत जाणारी वादळांची सलग रांग. यात वारा चक्रीवादळासारखा गरगरत नाही, सरळ ढकलत येतो. आमच्या गावात तो ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास पोचला असावा, असा नंतरचा अंदाज आहे. झाडं आडवी झाली, वीज गेली, इंटरनेट गेलं आणि मग फोनची रेंजही गेली. तेव्हा मला आठवलं की आपल्याकडे हातात धरायचा रेडिओ स्कॅनर आहे! खणातून काढला, बटण दाबलं. ढिम्म. मागचं झाकण उघडलं तर सेलभोवती पांढरी भुकटी साचलेली. दोन वर्षांपूर्वी ते सेल आत ठेवून विसरले होते ती मीच.

कोणता रस्ता मोकळा आहे, बर्फ कुठे मिळतोय, हे त्या आठवड्यात आम्ही दारोदार विचारून काढलं. नवव्या दिवशी वीज आली. त्यानंतरच्या रविवारी मी स्कॅनर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले आणि वीस मिनिटांत तो बोलायला लागला. म्हणजे तो बिघडलेला नव्हताच. ‘मेलेले’ म्हणून खणात पडलेले बरेचसे स्कॅनर असेच असतात. तुमच्याकडेही एखादा असेल तर आजच बाहेर काढा, वादळाची वाट पाहू नका.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्कॅनर म्हणजे फक्त ऐकणारा रेडिओ. तो ठरवून दिलेल्या फ्रीक्वेन्सी एकामागून एक तपासत जातो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. अग्निशमन दल, रेल्वे, विमानतळ, महापालिकेच्या गाड्या असं बरंच काही त्यावर ऐकू येतं.

आता तपासणी. पहिला प्रश्न ‘काय बिघडलं?’ हा नाही, ‘काय अजून जिवंत आहे?’ हा आहे. पडदा उजळतो का, ते बघा. उजळत असेल तर हवामानाचा चॅनल लावा आणि स्क्वेल्च पूर्ण उघडा. एफएम रिसीव्हरला सिग्नल नसला की तो जोरात खरखर करतो. ती कानाला नको म्हणून स्क्वेल्च नावाचं दार असतं, ठरावीक दर्जाचा सिग्नल आला तरच ते उघडतं. खिशात ठेवताना ती चकती फिरली किंवा मेनूतला आकडा वर गेला की दार कायमचं बंद राहतं आणि आपण समजतो यंत्र गेलं. स्क्वेल्च उघडल्यावर खरखर आली तर सेल, स्पीकर आणि आवाजाचा भाग ठीक आहे. स्पीकरमधून काहीच आलं नाही तर इअरफोन लावून पाहा. त्यात आवाज आला तर इअरफोनच्या भोकात अडकलेली धूळ हा पहिला संशयित.

पुढची पायरी अमेरिकेतल्या वाचकांना सोपी आहे. नोआची हवामान केंद्रं १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, सात ठरलेल्या फ्रीक्वेन्सींवर चोवीस तास बोलत असतात. साधं एफएम, कसलंही कुलूप नाही. सातांपैकी एक जरी स्वच्छ ऐकू आली तर अँटेना आणि रिसीव्हरही ठीक आहेत, दोष पुढे कुठेतरी, म्हणजे प्रोग्रॅमिंगमध्ये किंवा समोरच्या यंत्रणेत शोधायचा. नुसती खरखर आली तर खिडकीपाशी जा आणि अँटेना काढून पुन्हा घट्ट बसवा. बीएनसी जोडणी असेल तर ती पाव फेरा फिरून खटकन बसली पाहिजे. तरीही काही नाही तर दुसरा अँटेना लावून पाहा.

आता सेलकडे वळू, कारण खरा घातपात तिथेच होतो. अल्कलाइन सेलमध्ये जस्त आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सेल पार उतरून तसाच पडून राहिला की आत हायड्रोजन वायू साचतो, दाबाने सील सुटतं आणि तो क्षार बाहेर झिरपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. आपल्याला दिसते ती पांढरी भुकटी हीच. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा असू द्या. सेल काढा, भुकटी कोरड्या ब्रशने झटका, मग कानाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पट्ट्या पुसा. थोडं फसफसेल. आम्ल आणि कार्बोनेट यांची गाठ पडली की असंच होतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्रभर उघडं ठेवा. पट्टीवर हिरवट डाग राहिला तर पेन्सिलच्या खोडरबरने हलकेच घासा. सँडपेपर लावू नका, पट्टीवरचा मुलामा निघाला की गंज लवकर धरतो. (सेल जुन्या पद्धतीचे कार्बन-झिंक असतील तर गळलेला द्रव आम्लधर्मी असतो. तिथे लिंबू उपयोगाचं नाही, पाण्यात कालवलेला खायचा सोडा वापरा.)

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रान्झिस्टरचे उतरलेले सेल उन्हात ठेवून सकाळच्या बातम्यांपुरते जगवले जायचे. ते कार्बन-झिंक सेल होते आणि ऊब लागली की थोडा वेळ चालतही. हा घरगुती उपाय आजच्या सेलवर करू नका, उष्णतेने ते गळतात.

चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरत असाल तर आणखी एक गंमत. अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्ट देतो आणि हळूहळू उतरतो. चार्जवाला जवळजवळ संपेपर्यंत १.२ व्होल्टवर टिकून असतो. तीन सेलचा स्कॅनर असेल तर एकीकडे ४.५ व्होल्ट, दुसरीकडे ३.६. यंत्राला आपण अल्कलाइन सांगून ठेवलं असेल तर चार्जवाले सेल भरलेले असतानाही ते ‘बॅटरी कमी’ म्हणून ओरडतं. म्हणून अनेक मॉडेलमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते, कुठे मेनूत, कुठे सेलच्या खाचेत छोटा खटका. ती उलटी चूक मात्र महागात पडते: अल्कलाइन सेल आत आणि यंत्र चार्जिंगच्या तयारीत असेल तर सेल तापून फुटू शकतो. माझा नियम साधा आहे. सेल बाहेरच्या चार्जरमध्येच चार्ज करायचे आणि आणीबाणीसाठी वेगळ्या पाकिटात लिथियमचे न चार्ज होणारे डबल-ए ठेवायचे. ते वर्षानुवर्षं टिकतात आणि सहसा गळत नाहीत. महाग आहेत, पण मला त्या आठवड्यात ते सोन्याच्या भावानेही चालले असते.

अँटेनाबद्दल एक गणित लक्षात ठेवा: ७५ ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटरमध्ये पाव तरंगलांबी मिळते. १५५ मेगाहर्ट्झला ती ४८ सेंटीमीटर येते, ८५५ ला जेमतेम ९. यंत्राबरोबर येणारी रबरी काडी म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड. तुमच्या गावचं अग्निशमन दल १५५ च्या आसपास बोलत असेल तर लांब अँटेनाने फरक पडेल, ८०० च्या पट्ट्यात असेल तर उगाच छत्रीएवढी काडी लावून फिरू नका. शिवाय हातात धरलेल्या स्कॅनरला तुमचं शरीर अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणून मदत करतं. टेबलावर ठेवल्यावर आवाज खराब का होतो, त्याचं हे एक कारण.

मोठा अँटेना लावल्यावर ऐकू येणं उलट कमी झालं, अशीही तक्रार असते. जवळच्या एफएम मनोऱ्याचा दणदणीत सिग्नल रिसीव्हरला गुदमरवतो, मग दूरचा अशक्त सिग्नल दिसतच नाही. मेनूतलं ॲटेन्युएटर चालू करून पाहा. घरातले एलईडी दिवे आणि स्वस्त चार्जरही हाच छळ करतात. ते शोधायला विमानांचा पट्टा लावा (११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, तिथे एएम असतं आणि एएममध्ये असला गोंगाट स्पष्ट कळतो) आणि एकेक प्लग काढत जा. आमच्या घरी गुन्हेगार मत्स्यालयाचा दिवा निघाला.

हे सगळं ठीक असूनही गाव मुकं असेल तर दोष बहुधा काळाचा आहे. अमेरिकेत ५१२ मेगाहर्ट्झच्या खालच्या अनेक यंत्रणांना १ जानेवारी २०१३ पर्यंत अरुंद चॅनलवर जावं लागलं. त्यानंतर अनेक काउंट्या पी-२५ या डिजिटल पद्धतीवर गेल्या. जुन्या ॲनालॉग स्कॅनरला त्यातून फक्त गुरगुर ऐकू येते, कितीही पुसला तरी. डिजिटल स्कॅनर असून, सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या असून शब्द तुटत असतील तर अनेक मनोरे एकच संदेश एकाच फ्रीक्वेन्सीवर पाठवत असावेत. ते सिग्नल काही मायक्रोसेकंद मागेपुढे पोचतात आणि एकमेकांत मिसळतात. अशा वेळी चार पावलं सरका, खोलीचा कोपरा बदला, लहान अँटेना लावा. एकच मनोरा नीट ऐकू येईल अशी जागा शोधायची असते. आणि संभाषण एन्क्रिप्टेड असेल तर थांबा. त्याला ऐकण्याचा कायदेशीर मार्ग नाही, आणि कोणी ‘अनलॉक’ करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत ऐकायला सहसा हरकत नाही, पण न्यूयॉर्क, फ्लोरिडासारख्या राज्यांत गाडीतल्या स्कॅनरवर निर्बंध आहेत. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण श्रोत्यांसाठी नसलेलं प्रसारण मुद्दाम ऐकणं २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने गुन्हा ठरतो. आणि सुट्टीला भारतात जाताना बॅगेत टाकू नका, तिथे वायरलेस यंत्र बाळगण्याचा परवाना हा विषय १९३३ पासूनचा आहे.

मेमरी पुसणारं रीसेट करण्याआधी सगळं प्रोग्रॅमिंग संगणकावर उतरवून घ्या. संगणकाला स्कॅनर दिसत नसेल तर केबल बदला, काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर स्कॅनर ठेवू नका. महिन्यातून एका बुधवारी दुपारच्या सुमारास तो हवामानाच्या चॅनलवर लावा, कारण बहुतेक केंद्रांची साप्ताहिक चाचणी त्याच वाराला असते. ती ऐकून झाली की सेल काढा आणि पाकिटात घालून यंत्राला रबरबँडने बांधा.