चाकाचे नट आणि गिअरचा पाना



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खते यांवर लिहावे. पाना-नटावर का लिहितो, असे काहींना वाटेल. पण तोडलेला ऊस रस्त्यावर उभा राहिला की त्याचे वजनही घटते आणि साखरही घटते, आणि तो उभा राहण्याचे कारण पुष्कळ वेळा चाकात असते. पंक्चर झालेच तर काढण्यात तासभर जावा. प्रत्यक्षात रात्र जाते, कारण नट सुटत नाहीत.

ट्रॉली पावसाळाभर उघड्यावर पडलेली असते. आटे गंजतात. मग हंगामात नट सोडायचा म्हणजे पान्यात पाईप घालायचा आणि त्यावर उभे राहायचे. हिशेब करून बघा. साडेतीन फुटी पाइपाच्या टोकावर ६० किलोचा माणूस उभा राहिला, तर नटावर सुमारे ६४ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ६३० न्यूटन-मीटर पीळ पडतो. ट्रकचे नट आवळण्याचा आकडाच बहुधा या आसपास असतो. त्यात गंज धरला की तेवढ्याने नट हलत नाही. मग माणूस पाइपावर उड्या मारतो, पाना नटावरून निसटतो आणि तो तोंडावर पडतो. दात पडलेले, मनगट मोडलेले ड्रायव्हर कोणत्याही टोळीत विचारा, सापडतील.

यावर गिअरचा पाना हे चांगले हत्यार आहे. दुकानात त्याला टॉर्क मल्टिप्लायर म्हणतात. आत मधल्या दातेरी चाकाभोवती फिरणारी लहान चाके असतात. हँडल पुष्कळ फिरते, नट थोडा फिरतो, पण जोर त्या प्रमाणात वाढतो. ट्रकवाल्यांकडे जो हाताने फिरवायचा असतो, त्यात बहुधा १ ला ५८ असे प्रमाण असते. हँडलवर २ किलोग्रॅम-मीटरचा पीळ दिला तर हिशेबाने ११६ होतात. काही भाग घर्षणात गेला, तरी पाइपावरच्या माणसापेक्षा जोर कमी नाही, आणि माणूस जमिनीवर बसून काम करतो. मात्र नटाच्या एका पूर्ण फेऱ्याला हँडलचे ५८ फेरे लागतात. म्हणून नट एकदा कचकन सुटला की हे हत्यार काढून घ्या आणि पुढचे काम साध्या पान्याने करा.

घेताना प्रथम आपला नट मोजा. ट्रकला बहुधा ३२ किंवा ३३ मिलिमीटरचा सॉकेट लागतो; ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचा वेगळा असू शकतो. सॉकेट जाड, काळ्या पोलादाचा घ्या. चकचकीत पातळ सॉकेट घरच्या कामाला ठीक, या जोराला तो फुटतो. हत्यारावर किती न्यूटन-मीटरपर्यंत चालेल हा आकडा कोरलेला असावा. तो नसेल तर दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.

वापरताना सगळ्यात जास्त लक्ष आधाराच्या पायाकडे द्या. नटाला जेवढा पीळ मिळतो, जवळजवळ तेवढाच उलटा पीळ हत्याराच्या अंगावर येतो. तो हा पाय पेलतो. पाय शेजारच्या घट्ट असलेल्या नटावर पुरता बसवावा; टायरच्या वॉल्व्हवर किंवा रिमच्या काठावर टेकवू नये. पाय आणि नट यांच्यामध्ये बोट सापडले तर ते वाचत नाही. नट सुटला नाही आणि हात थांबवला, तरी आत ताण राहतो. अशा वेळी हँडल घट्ट धरून सावकाश उलटे फिरवावे, एकदम सोडले तर ते फटका मारते. या पान्याला हवेची गन लावू नका, दाते जातात. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करावेत, दुसऱ्या चाकांना दगड लावावेत, मगच जॅक चढवावा.

आता आवळण्याचे. नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे रिमची डिस्क हबवर दाबून बसते. भार हा दाब पेलतो, नुसता स्टड नव्हे. ढिल्या नटाने डिस्क हलते, भोके लांबट होतात, स्टड तुटतात आणि भरल्या ट्रॉलीचे चाक रस्त्यावर एकटेच धावते. पुढून मोटारसायकल येत असेल तर काय होईल, ते सांगायला नको. उलट गिअरच्या पान्याने अंदाजाने आवळले, तर हाताला काही कळत नाही आणि स्टड नको इतका ताणला जातो. तो त्या दिवशी तुटत नाही, पुढे कधीतरी तुटतो. म्हणून ५८ पटीचा पाना सोडण्यापुरताच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवळायला टॉर्क पाना लागतो. तो लहान असेल तर कमी पटीचा, कारखान्याने आकडा लिहून दिलेला मल्टिप्लायर मध्ये घालता येतो. समजा पुस्तकात ६०० न्यूटन-मीटर दिले आहे, आणि ५ पटीच्या हत्याराचा घर्षण वजा जाता खरा पट साडेचार लिहिला आहे. तर ६०० ला साडेचारने भागून टॉर्क पाना १३३ वर लावायचा. आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा, शेजाऱ्याच्या नव्हे. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत. ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा तपासावेत.

हंगामापूर्वी ट्रॉलीला रंग देण्याची आपल्याकडे हौस असते. पण डिस्क जिथे हबवर बसते आणि नट जिथे टेकतो, तिथे जाड रंग ठेवू नका. भाराने रंग चेपतो, आणि कडक आवळलेला नटही आठवड्यात ढिला होतो. तिथे तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ पत्रा दिसला पाहिजे. आट्यांना तेल लावायचे की नाही, तेही पुस्तकात पाहा. तेलकट आट्यांवर तेवढ्याच पिळाने स्टड जास्त ताणला जातो. नटापासून तांबूस ओघळ निघालेला दिसला, तर तो नट हललेला आहे असे समजा.

आणखी एक. काही जुन्या ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, आणि स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर असते. ते न बघता गिअरचा पाना लावला, तर सोडतोय असे समजून माणूस नट आवळत राहतो.

— ऊस विकास अधिकारी