नारळ मिळालेलं गाव

बीड जिल्ह्यात एखाद्या गावाला 'नारळ मिळाला' असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं. संतांच्या एखाद्या गडाचा नारळी सप्ताह पुढच्या वर्षी त्या गावात होणार. चालू सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनानंतर, मागणी घेऊन आलेल्या गावांतून एकाची निवड होते आणि महंत त्या गावाच्या हाती नारळ देतात. तिथून वर्षभर त्या गावाची झोप उडते. रस्ता, पाणी, मंडपाचं शेत, पंगतीची जागा, वर्गणी यांच्या बैठका मारुतीच्या पारावर सुरू होतात.

या परंपरेमागं बालाघाटाच्या डोंगररांगांतले तीन गड आहेत. बीडजवळचा नारायणगड नगद नारायण महाराजांचा, त्याला धाकटी पंढरी म्हणतात. पाटोदा तालुक्यातला गहिनीनाथगड वामनभाऊंच्या नावानं ओळखला जातो. तिसरा भगवानगड. तो नकाशावर पाथर्डी तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात येतो. पण त्याचं गणगोत बीडमध्ये. ज्यांच्या नावाचा हा गड, त्या भगवानबाबांचा जन्म 1896 चा, पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचा. 1965 साली त्यांनी देह ठेवला, तोवर गावोगावी सप्ताह नेऊन त्यांनी माणसं जोडली. देवापुढचे पशुबळी थांबवायला लावले, पोरं शाळेत घाला म्हणून आग्रह धरला.

सप्ताह होतो चैत्राच्या आसपास, आणि त्याला कारण आहे. दसरा-दिवाळीला बीडची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला कारखान्याच्या हिशेबात 'कोयता' म्हणतात, ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाते. पाच-सहा महिने कोपीत काढून माणसं परततात ती पाडव्याच्या आगंमागं. तेव्हाच गावात घरटी माणूस असतो, रान मोकळं असतं, ज्वारी घरात आलेली असते. वर्गणी देणारे हात बहुतेक याच माणसांचे. कित्येकांची उचल फिटलेली नसते, तरी सप्ताहाची पट्टी बाकी ठेवायची नाही, असा दंडक असतो.

पट्टी ठरते उंबऱ्यावर किंवा एकरावर. शिवाय ज्याची जशी ऐपत. पुण्याकडं, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत गेलेली पोरं मिळून एखाद्या दिवसाची पंगत अंगावर घेतात. मोंढ्यातला व्यापारी तेलाचे डबे आणि साखरेचं पोतं पाठवतो. पिठाच्या गिरणीवाला सात दिवस दळणाचे पैसे घेत नाही. टँकरवाला फक्त डिझेलच्या खर्चात पाणी देतो, ट्रॅक्टरवाले डिझेलचीही गोष्ट काढत नाहीत. अन्नदात्यांची नावं पत्रिकेत छापली जातात आणि ती पत्रिका घराच्या भिंतीवर वर्षभर चिकटलेली राहते.

सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा सप्ताहाचा मूळ नेम. पहारे लावलेले असतात. एक वीणेकरी थकला की दुसऱ्याच्या गळ्यात वीणा जाते. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. मांडवात हे चालू असतं तेव्हा मागच्या शेतात दुसरं काम रंगात आलेलं असतं, आणि मला ते मांडवाइतकंच पवित्र वाटतं.

तिथं लांब चर खणून चुली केलेल्या असतात, त्यावर गुऱ्हाळातल्यासारख्या काहिली. तूरडाळ शिजते, लसूण-खोबऱ्याचं वाटण पडतं आणि मग येसर. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ आणि खडा मसाला भाजून दळलेलं हे पीठ आमच्याकडं लग्नाच्या आमटीतही असतंच. ते पाण्यात कालवून, गुठळी राहू न देता, उकळत्या काहिलीत धारेनं सोडावं लागतं. लांब दांड्याचं उलथणं घेतलेली दोन माणसं समोरासमोर उभी राहून ढवळतात. हात थांबला की आमटी तळाला लागते आणि त्याचा वास हजारोंच्या पंगतीला जातो. म्हणून त्या उलथण्यापाशी म्हातारी, सरावाची माणसंच असतात.

भाकरी मात्र शेतात होत नाहीत. त्या येतात घराघरांतून, आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरूनही. घरटी ठरलेल्या भाकरी बाया पहाटेपासून थापतात, टोपल्यांत रचून वर धुतलेलं फडकं घालतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्वच्छ कापड अंथरून ती सगळी रास पंगतीकडं निघते. एकाच रांगेत एकाच्या पानात जाड भाकरी, शेजारच्याच्या पानात पातळ. कुणाची कुणाला आली, हे विचारायची सोय नाही. ही वाटण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. गोदावरीच्या पात्रातल्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहातही अशीच आमटी-भाकरी चालते.

गावाबाहेरच्या रस्त्यावर तेवढ्यात बाजार उभा राहतो. रसवंती, बांगड्यांचे कासार, खेळणी, शेव-रेवडी, टाळ-तुळशीमाळांची दुकानं. मंडपवाला, आचारी, स्पीकरवाला, पत्रिका छापणारा यांची कमाई या दिवसांत होते. पावसावर अवलंबून असलेल्या जिल्ह्यात ही उलाढाल लहान नाही. आणि तिची एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: सप्ताह उठला की हिशेब चावडीवर वाचला जातो. कुणाचे किती आले, डाळीला किती गेले, शिल्लक काय. ज्या जिल्ह्यात अलीकडं मल्टिस्टेट पतसंस्था बुडून कष्टकऱ्यांच्या ठेवी अडकल्या, तिथं वहीतला पैसा न् पैसा चारचौघांत वाचला जातो, ही साधी गोष्ट नव्हे.

सगळं सोनं आहे असंही नाही. नामवंत कीर्तनकारांची बिदागी काही ठिकाणी एवढी वाढली आहे की वर्गणीचा मोठा वाटा तिकडंच जातो. पत्रिकेत नावं बहुतेक पुरुषांची असतात, भाकरी मात्र सगळ्या बायकांच्या. गडांवर जातींचे शिक्के मारले गेलेत, हे त्याहून वाईट. 2024 च्या लोकसभा निवडणुकीनंतर या जिल्ह्यात अमक्या जातीच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, इथवर भाषा गेली. किराण्याचं दुकान जात पाहून निवडायचं ठरलं, तर सप्ताहाचं तेल, डाळ, मंडप आणि टँकर कुणाकडून आणायचा? गावगाड्यात हे धंदे नाना जातींच्या हातात आहेत. एका जातीच्या बळावर पंगत उठवता येत नाही, हे सप्ताह करणाऱ्या कुठल्याही गावाला विचारा.

म्हणून तिन्ही गडांच्या महंतांकडं एक मागणं आहे. पुढचा नारळ देताना जिथं सगळ्या जातींनी एकत्र येऊन मागणी केली आहे, त्या गावाला पहिला मान द्या. आणि पत्रिका छापणाऱ्या मंडळींनो, अन्नदात्यांच्या यादीशेजारी भाकरी करणाऱ्या बायांची नावंही येऊ द्या.