फुटबॉलचं तिकीट महागलं अन् प्रेक्षक मॅच सोडून निघाले!

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबने २०१६ मध्ये सर्वात महाग तिकीट ५९ वरून ७७ पौंड करायचं ठरवलं. म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसात हजार रुपये, तेही एका मॅचचे!

६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध सामना सुरू होता. बरोबर ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, दरवाढ मागे घेतली.

क्लब नवा स्टँड बांधत होता, खर्च होताच. मग प्रेक्षक का चिडले? कारण टीव्ही हक्कांतून प्रीमियर लीगला तीन हंगामांसाठी पाच अब्ज पौंडांहून जास्त रक्कम मिळणार होती. एवढा पैसा येत असताना प्रेक्षकाच्या खिशात हात कशाला, हा त्यांचा सवाल.

मार्चमध्ये लीगच्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी जास्तीत जास्त ३० पौंडांचं तिकीट ठरवलं. घरच्या प्रेक्षकांना मात्र अशी मर्यादा नाही, म्हणून वाद आजही मिटलेला नाही. शेवटी, रिकाम्या खुर्च्यांसमोरची मॅच टीव्हीवर तरी कोण बघणार?