सहीची किंमत

कोपरीतून ठाणे स्टेशन गाठून धीमी लोकल धरली, की घाटकोपर सहावे स्टेशन. 28 जून 2018 रोजी, भर पावसात, दुपारी सव्वाच्या सुमारास तिथल्या जीवदया लेनमध्ये, बांधकाम चाललेल्या एका इमारतीच्या आवारात एक छोटे विमान कोसळले. दोन वैमानिक, दोन देखभाल करणारे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी, असे पाच जीव गेले. मजूर जेवायला गेले होते म्हणून आणखी कित्येक वाचले.

ते किंग एअर सी-90 जातीचे विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे. अलाहाबादेत अपघात झाल्यावर 2014 साली मुंबईतल्या एका खाजगी कंपनीने ते विकत घेतले. जुहूला त्याची दुरुस्ती झाली आणि कित्येक वर्षांनी ते चाचणीसाठी उडाले.

अशा अपघाताची चौकशी करणारा केंद्राचा विभाग अवशेष आणि ब्लॅक बॉक्स तर तपासतोच, पण देखभालीची कागदपत्रेही चाळतो. कुठला भाग केव्हा बदलला, तपासला कोणी, उड्डाणायोग्य म्हणून सही कोणाची? शिक्षा करणे हा या चौकशीचा हेतू नसतो. तसे पुन्हा घडू नये, एवढाच असतो.

ही भाषा मला ओळखीची आहे. बँकेत आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या, दोन अधिकारी आणि रजिस्टरात दोन सह्या. एका संध्याकाळी घाईत होतो. दुसऱ्याने रोकड मोजली, मी न मोजताच सही ठोकली. सकाळी एक बंडल कमी भरले. ते ड्रॉवरमध्ये सापडले, पण रात्रीचे रजिस्टर मात्र चोख होते! कागद पुरा होणे वेगळे आणि काम पुरे होणे वेगळे, हे मी त्या दिवशी शिकलो.

घाटकोपरच्या अहवालाने मात्र बोट ठेवले ते हवेतल्या क्षणांवर. खराब हवेत वैमानिकांचे परिस्थितीचे भान सुटले आणि विमान 'स्टॉल' झाले, म्हणजे पंखांची उचलच गेली. नट घट्ट आहे की नाही, हे रजिस्टर सांगू शकते. आज, या पावसात, उडावे की नाही, हे त्यात लिहिलेले नसते. ते कोणीतरी माणसानेच ठरवायचे असते, आणि 'आज नको' म्हणायला सही करण्यापेक्षा जास्त धैर्य लागते.

विमान दुरुस्त करणाऱ्यांपैकी दोघे स्वतः त्यात बसले होते. आपल्या कामावर याहून मोठी सही कोणती? पण तो पादचारी? त्याने ना विमान पाहिले होते, ना रजिस्टर. आपण रोज कोणाच्या ना कोणाच्या सहीखालून चालत असतो: पुलाच्या, लिफ्टच्या, औषधाच्या बाटलीच्या.

उद्या सोमवार. कचेरीत पेन उघडाल, तेव्हा एकदा त्याची आठवण करा.