कुर्डुवाडीचा रफार कोण चढवतं?

‘माढा’ हे तालुक्याचं नाव संगणकाला सोपं जातं. म, काना, ढ, काना. ज्या क्रमानं टंकलं, त्याच क्रमानं पडद्यावर दिसतं. त्याच तालुक्यातल्या कुर्डुवाडीचं तसं नाही. तिथं ‘र’ आणि हलन्त आधी टंकावे लागतात, पण दिसताना तो ‘र’ पुढच्या ‘डु’च्या डोक्यावर रफार होऊन चढतो. टेंभुर्णीत तर त्याला वेलांटीशीही जमवून घ्यावं लागतं.

ही जुळवाजुळव फॉन्ट एकटा करत नाही. ती करते सामायिक लायब्ररी, म्हणजे एकदाच लिहून ठेवलेला आणि अनेक प्रोग्रॅमनी वापरायचा कोड. तो सुधारला की मराठी सगळीकडे सुधारते. बिघडला तर सगळीकडेच बिघडते, आणि म्हणून त्याची कोणती आवृत्ती कोणाला मिळते हा प्रश्न मराठी वाचकाच्या थेट डोळ्यांसमोरचा आहे.

विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब ही लायब्ररी करायची. तिची फाइल ‘यूएसपी१०’ नावाची डीएलएल, म्हणजे विंडोजमधली सामायिक लायब्ररीची फाइल. ऑफिस २००३ नं या फाइलची स्वतःची नवी प्रत आणली आणि ती आपल्याच फोल्डरमध्ये ठेवली. त्यामुळे एकाच विंडोज एक्सपी संगणकावर वर्डला एक आवृत्ती मिळे, नोटपॅडला दुसरी. हे शहाणपण अनुभवातून आलेलं होतं. नव्वदच्या दशकात कुठलाही नवा प्रोग्रॅम सिस्टिमच्या सामायिक फाइलवर आपली प्रत चढवायचा आणि आधीचे प्रोग्रॅम बंद पडायचे. ‘डीएलएल हेल’ हे नाव त्याच छळाचं. विंडोज २००० पासून सिस्टिमच्या फाइलींना संरक्षण मिळालं, आणि २००१ च्या एक्सपीत एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदण्याची सोय आली.

लिनक्सची रीत मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथं सुसंगततेचा आकडा फाइलच्या नावातच असतो. ‘आयसीयू’ ही लायब्ररी प्रत्येक मोठ्या आवृत्तीला तो बदलते, म्हणून ७० आणि ७२ एकत्र राहू शकतात. अक्षरं जुळवणाऱ्या ‘हार्फबझ’ या लायब्ररीचा आकडा मात्र कित्येक आवृत्त्यांनंतरही ० च आहे: आत कितीही सुधारणा झाली, तरी जुन्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द तिनं मोडलेला नाही.

हार्फबझ येण्याआधी एकाच लिनक्स संगणकावर पॅंगो, क्यूटी आणि आयसीयू या लायब्रऱ्या आपापल्या परीनं देवनागरी जुळवत. एकीतली चूक दुरुस्त झाली, तरी दुसरीत ती तशीच राही. २०१२ मध्ये पॅंगोनं आणि २०१३ मध्ये लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसनं हार्फबझ स्वीकारली.

फॉन्टनाही दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपात देवनागरीचे जुने नियम ‘डीईव्हीए’ या खुणेखाली, तर नवे ‘डीईव्ही२’खाली येतात. दोन्हींत हलन्त आणि व्यंजन यांचा क्रम वेगळा. फॉन्टमध्ये जुनीच खूण असेल, तर हार्फबझ त्याला जुन्या नियमानं वागवते. त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वी बनवलेला फॉन्ट आजही चालतो.

हल्ली अनेक प्रोग्रॅम आपापली लायब्ररी सोबत बांधूनच येतात. भांडणं त्यानं मिटतात, हे खरं. पण रफाराची एखादी चूक दुरुस्त झाली, तर ती दुरुस्ती प्रत्येक बांधलेल्या प्रतीत वेगळी पोहोचवावी लागते, आणि ज्या प्रोग्रॅमकडे कोणी लक्ष देत नाही, त्यात कुर्डुवाडी चुकीचीच उमटत राहते.